आमच्या सोप्यावर कापितूचा निवाडा

गेल्या मे महिन्यात आमच्या घरात भांडण झालं. वाटणीवरून नव्हे, बांधावरून नव्हे, उसाच्या बिलावरूनही नव्हे. एका बाईवरून झालं. आमचे चिरंजीव आणि त्याची आई दोन दिवस एकमेकांशी बोलत नव्हते, सूनबाई मधल्यामध्ये मुकाट्यानं ताटं वाढत होती. आणि ज्या बाईवरून हे सारं चाललं होतं ती आमच्या गावची नव्हे, तालुक्याची नव्हे, या देशाचीही नव्हे. खरं सांगायचं तर ती कधी जन्मलीच नाही. ती ब्राझीलमधल्या एका कादंबरीतली. तिचं नाव कापितू.

तुम्ही म्हणाल, मास्तर म्हातारपणी ही परदेशी भानगड कुठून घेऊन आले? त्याचं असं झालं. वळवाच्या पहिल्याच वावटळीत गावची डीपी जळाली आणि आठ-दहा दिवस अंधार. टीव्ही बंद, मोबाइल बंद. त्यातच भुईमुगाचं बियाणं फोडायचे दिवस. पेरणीच्या शेंगा आम्ही अजून हातानंच फोडतो. यंत्रात दाण्याचं साल सुटतं आणि साल सुटलेला दाणा नीट उगवत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा रात्री जेवणं उरकली की सोप्यावर शेंगांचा ढीग पडायचा आणि सगळं घर त्याच्याभोवती बसायचं. आमच्या सौभाग्यवती, चिरंजीव, सूनबाई, धारा काढायला येणारा गडी, शेजारच्या काकू आणि माझी आत्या. आत्या आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे, पण शेंगा फोडण्यात अजून सगळ्यांच्या पुढं.

दिवाळीत नातीनं कॉलेजातून आणलेली पुस्तकं कपाटात पडली होती. त्यात हे पुस्तक निघालं. मी ते 1976 साली कोल्हापूरला शिकत असताना एकदा वाचलेलं. इंग्रजी भाषांतर होतं. म्हटलं, वाचतो आणि मराठीत सांगत जातो. हात चालू राहतील.

ब्राझील म्हटलं की आपल्याला ऊस आणि कॉफी आठवते. आपली गीर आणि आंध्रातली ओंगोल ही जनावरं तिकडं नेऊन त्यांनी मोठाले कळप उभे केले, हेही तुम्ही वाचलं असेल. गोव्याचा काजू मूळचा तिकडचाच, पोर्तुगीजांनी जहाजातून आणलेला. गाय गेली, काजू आला, तर एखादी गोष्ट आली म्हणून बिघडलं कुठं?

लेखकाचं नाव मशादो द आसिस. 1839 साली रिओ द जानेरोला जन्मला. बापाचे आईबाप गुलामगिरीतून सुटलेले. बाप घरं रंगवायचा, आई धुणं धुवायची. शाळा बेताची. पोरगा छापखान्यात उमेदवारीला लागला, तिथंच अक्षरांच्या नादी लागला. पुढं 1873 पासून त्यानं सरकारच्या शेती खात्यात नोकरी केली आणि ती सांभाळून लिहीत राहिला. गुलामगिरी त्याच्या देशात 1888 साली उठली, म्हणजे तेव्हा तो पन्नाशीला आला होता. अशा घरातला हा माणूस तिथल्या साहित्य अकादमीचा पहिला अध्यक्ष झाला. 1899 साली त्यानं ही कादंबरी छापली, ‘दोम कास्मुर्रो’. कास्मुर्रो म्हणजे आपल्यातच राहणारा, तोंड मिटून बसणारा माणूस. आपल्याकडं घुम्या म्हणतात ना, तसा. आणि ‘दोम’ ही थोरामोठ्यांची पदवी, टिंगलीनं लावलेली. आम्ही त्याचं नाव ‘घुमेराव’ ठेवलं आणि ते शेवटपर्यंत टिकलं.

या घुमेरावांचं खरं नाव बेंतो सांतियागो. म्हातारपणी एकटे राहिलेले वकील. सगळी गोष्ट तेच सांगतात, हे ध्यानात ठेवा. पुढं याच एका गोष्टीवर सगळी मेख आहे.

बेंतोची आई श्रीमंत विधवा. पहिलं मूल जन्मतःच गेलं, तेव्हा तिनं नवस केला की दुसरा मुलगा जगला तर त्याला देवाला वाहीन, पाद्री करीन. इथपर्यंत आमच्या सोप्यावर कुणालाच काही परकं वाटलं नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, “म्हंजे आपल्या खंडोबाला वाहत्यात तसंच की.” शेजारच्या घरात एका साध्या नोकरदाराची मुलगी, कापितू. साल 1857, तो पंधरा वर्षांचा, ती चौदाची. दोन्ही परसांच्या मधल्या भिंतीला एक लहान दार. एके दिवशी बेंतो त्या दारातून जातो, तर कापितू भिंतीजवळ उभी. तिनं खिळ्यानं दोघांची नावं भिंतीवर कोरलेली. ती नावं पुसायला बघते, हा ती वाचतो. दोघंही बोलत नाहीत. आमच्या सूनबाईंचा हात शेंगेवरच थांबला.

आता प्रेम जमलं, पण नवस आडवा. मुलगा पाद्र्यांच्या शाळेत जातो. तिथं त्याला जिवाभावाचा मित्र मिळतो, एस्कोबार. तोच तोडगा काढतो. तुझ्या आईनं देवाला एक पाद्री कबूल केलाय ना, मग एखाद्या पोरक्या मुलाचा खर्च करून त्याला पाद्री करा. आई कबूल होते. यावर आमचा गडी इतका हसला की मांडीवरचं सूप सांडलं. “देवालाबी बदली गडी दिला म्हना की!”

1865 साली बेंतो आणि कापितूचं लग्न होतं. एस्कोबारचंही होतं, कापितूच्या मैत्रिणीशी, सान्शाशी. दोन्ही घरांचं येणंजाणं. त्यांना मुलगी होते, तिला कापितूचं नाव. यांना बरीच वर्षं मूल नाही. पुढं मुलगा होतो, त्याला एस्कोबारचं पाळण्यातलं नाव, एझेकिएल. आणि मग 1871 साली पोहण्यात पटाईत असलेला एस्कोबार खवळलेल्या समुद्रात बुडून मरतो. शव पेटीत ठेवलेलं, सान्शा आकांत करते, तिला सावरता सावरता कापितू क्षणभर मृताकडं टक लावून बघते. डोळ्यांतून दोन-चार टिपं येतात, ती झटकन पुसते. बेंतो हे बघतो. तिथून त्याच्या डोक्यात किडा शिरतो. मुलगा दिवसेंदिवस एस्कोबारसारखा दिसायला लागतो. चालणं तेच, डोळे तेच.

कापितूचं आणि एस्कोबारचं काही होतं की नव्हतं? पुस्तकात याचं सरळ उत्तर कुठंही नाही.

आमच्या सोप्यावर उत्तर द्यायला मात्र कुणी थांबलं नाही. चिरंजीव म्हणाला, “यात विचारायचं काय? पोरगं दुसऱ्यासारखं दिसतंय म्हणजे झालंच.” गडी त्याच्या बाजूचा. म्हणाला, “मयतापाशी चोरून डोळं पुसलं तिनं. चोरून का पुसायचं?” त्यावर शेजारच्या काकू उसळल्या. “मयतावर रडायचं न्हाई तर काय हसायचं? मोठ्यानं रडली असती तर म्हनला असतास, बघा कशी गळा काढतीया!”

आमच्या सौभाग्यवतींनी तर वेगळाच पुरावा काढला. लग्नानंतरच्या दिवसांतली एक लहानशी गोष्ट आहे. कापितूनं घरखर्चातून वाचवून दहा सोन्याचे पौंड साठवलेले असतात, आणि नाण्यांची ती मोड एस्कोबारनं करून आणलेली असते. नवऱ्याला पत्ता नसतो. बेंतो तेव्हा खूश होतो, पण म्हातारपणी हीच गोष्ट संशयाच्या पारड्यात पडल्यासारखी वाटते. सौ. म्हणाल्या, “डाळीच्या डब्यात पैसे ठेवणारी बाई घर मोडायला निघालेली नसते, घर धरायला निघालेली असते. माझ्या डब्यात किती आहेत, तुम्हाला ठाऊक आहे?” मी विषय बदलला.

मग आंब्यावरून जुंपली. शेवटी बेंतो म्हणतो की पुढं बिघडलेली कापितू लहानपणच्या कापितूतच होती, फळ जसं सालीच्या आत असतं तशी. चिरंजीवाला हे फार पटलं. बी तसं झाड, म्हणाला. सौ. म्हणाल्या, “तू शेतकऱ्याचा मुलगा ना? हापूसची कोय लावल्यावर हापूसच येतो काय रे?” चिरंजीव गप्प झाला, पण चेहऱ्यावरून कळत होतं की मनातून माघार घेतलेली नाही. अबोला तिथून सुरू झाला.

मजा अशी की आमच्या सोप्यावर चार रात्रींत जे झालं ते जगात व्हायला साठ वर्षं लागली. पुस्तक निघाल्यापासून कितीतरी काळ बहुतेक वाचक आणि पंडित आमच्या चिरंजीवासारखेच बोलत होते. कापितू दोषी, बेंतो बिचारा. मग 1960 साली अमेरिकेतल्या हेलन कॉल्डवेल या बाईंनी एक पुस्तक लिहिलं. याच बाईंनी 1953 साली ही कादंबरी इंग्रजीत आणली होती. त्यांचं म्हणणं असं की शेक्सपिअरच्या ऑथेल्लोत दोन माणसं आहेत, संशय घेणारा ऑथेल्लो आणि कान भरणारा यागो. इथं दोन्ही कामं एकटा बेंतोच करतो. आपलेच कान आपणच भरतो. आणि त्याच्या आडनावातच बघा, सांत-यागो. आरोप करणाराच साक्षीदार, तोच वकील, तोच न्यायाधीश. कापितूची बाजू कोर्टापुढं आलेलीच नाही.

तेव्हापासून ब्राझीलमध्ये दोन तट पडले ते पडलेच. 1999 साली तिथल्या एका वृत्तपत्रानं साओ पावलो शहरात कापितूवर लुटुपुटीचा खटलाही चालवला. दोन्ही बाजूंनी नावाजलेले वकील, निवाड्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती. पुरावा नाही म्हणून कापितू सुटली. तरी वाद मिटला नाही. आता रक्ताची तपासणी करून मूल कुणाचं ते सांगता येतं. 1871 साली ते नव्हतं, नाहीतर ही कादंबरीच झाली नसती.

ऑथेल्लो म्हटल्यावर आम्हा सांगलीकडच्या लोकांना देवल आठवल्याशिवाय राहत नाहीत. गोविंद बल्लाळ देवल, कृष्णाकाठच्या हरिपूरचे. त्यांनी ऑथेल्लोवरून ‘झुंझारराव’ केला 1890 साली, म्हणजे मशादोच्या कादंबरीआधी नऊ वर्षं. आणि संशयाचंच दुसरं नाटक ‘संशयकल्लोळ’, 1916 सालचं. त्यातला फाल्गुनराव एका तसबिरीवरून बायकोवर संशय घेतो आणि आपण पोट धरून हसतो. का हसतो? कारण शेवटी सगळी माणसं एका ठिकाणी येतात आणि तोंडातोंडी सगळं उलगडतं. घुमेरावांच्या घरात तसं कुणी समोरासमोर येतच नाही. मित्र मेलेला, बायकोला धड विचारायचं नाही, विचारलं तर ऐकायचं नाही.

पुस्तकात एक जागा आहे, तिथं मला लेखकाला दंडवत घालावासा वाटतो. संशयानं पोखरलेला बेंतो विष विकत आणतो आणि रात्री नाटकाला जातो. नेमकं नाटक ऑथेल्लो. निर्दोष बायकोचा जीव घेतला जातो, लोक टाळ्या वाजवतात. हे बघून कुणाही माणसानं घरी पळत जाऊन बायकोचे पाय धरले असते. हा काय विचार करतो? ही निर्दोष होती तरी मेली, मग माझी तर दोषीच आहे, तिला काय शिक्षा असावी! म्हणजे तोही एक वाचकच, आणि जे नाटक त्याच्यासाठीच लिहिल्यासारखं होतं त्याचा त्यानं उलटा अर्थ काढला. दुसऱ्या दिवशी ते विष तो कॉफीत कालवतो. स्वतः प्यायला बघतो. तेवढ्यात मुलगा येतो, तर कप मुलाच्या ओठाला नेतो. मग भानावर येऊन मागं घेतो आणि बोलून जातो, मी तुझा बाप नव्हे. कापितू ते दारातून ऐकते. ती म्हणते, सारखं दिसणं हा योगायोग आहे. यापुढं तिला बोलू दिलेलं नाही.

योगायोग म्हणजे काय, याची खूण लेखकानं आधीच ठेवलीय, पण ती इतकी हळूच ठेवलीय की मी 1976 साली ती वाचून पुढं गेलो होतो. सान्शाचा बाप एकदा बेंतोला आपल्या वारलेल्या बायकोची तसबीर दाखवतो. ती हुबेहूब कापितूसारखी. नातं ना गोतं, तरी सारखी. शिवाय पोराला लोकांच्या नकला करायची खोड. ज्याच्या त्याच्या चालीनं चालून दाखवायचा. हे सगळं बेंतोच सांगतो, आणि सांगून विसरतो.

हे मी सांगितलं तेव्हा चिरंजीव म्हणाला, “ते राहू द्या. नाटकाच्या रात्रीचं प्रकरण तुम्ही घाईत उरकलंत. ते परत वाचा.”

ही नाटकाची रात्र वेगळी, बरीच आधीची. कापितूला बरं नसतं, ती घरी राहते, बेंतोला आग्रह करून नाटकाला धाडते. त्याचं मन लागत नाही. पहिला अंक संपल्यावर तो परत येतो, तर घराच्या दारातच एस्कोबार. एका दाव्यासंबंधी बोलायला आलो होतो, म्हणतो. चिरंजीवाचा हाच मोठा पुरावा होता. नवरा घरात नसताना तो आला का?

मी पुस्तक उघडलं आणि माझा आवाज बसला. पाणी प्यालो, तरी सुटेना. बॅटरी कमी झाली असं सांगून मी उठलो. घरात कुणाला काही कळलं नाही. माझी आत्या शेंगा फोडत होती, तिनं मान वर केली नाही.

वाचक हो, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. 1961 सालच्या मे महिन्यात मी सात वर्षांचा होतो. सुटीत आत्याच्या सासरी गेलो होतो. आत्या तेव्हा तेवीस वर्षांची. तिचे यजमान, त्यांना आम्ही मामा म्हणायचो, दोन दिवस बैलांच्या बाजाराला गेले होते. सासू लेकीकडं गेलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या वस्तीवरचा एक माणूस मोटेचा नाडा परत द्यायला आला. नाडा ठेवतो न ठेवतो तोच वळीव कोसळला. तो सोप्यात बसला. आत्यानं गुळाचा चहा केला. त्याला दिला, मलाही दिला. मी बशीतून प्यालो. पाऊस थांबल्यावर तो गेला.

मामा परत आले तेव्हा मी अंगणात होतो. नाडा बघून त्यांनी मला विचारलं, कोण आलं होतं? मी सांगितलं. बसला होता काय? हो. किती वेळ?

मी म्हणालो, “लई वेळ.”

सात वर्षांच्या पोराचा लई वेळ तो केवढा? एका पावसाएवढा. पण मामांनी परत विचारलं नाही. मला खारका दिल्या.

त्या वर्षी आत्या दिवाळीला माहेरी आली. माझे वडील मुराळी म्हणून आणायला गेले होते. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तिला न्यायला कुणी आलं नाही. वडील दोनदा जाऊन आले. दुसऱ्या खेपेला आले तेव्हा आई आणि ते परड्यात उभे राहून हळू बोलत होते, मला बघून गप्प झाले. मामांनी पुढं दुसरं लग्न केलं. एक बायको असताना दुसरी करता येत नाही असा कायदा 1955 सालीच झाला होता, पण कोर्टात जायचं कुणी? आत्या तेव्हापासून आमच्याच घरात. माझी लग्नाची हळद तिनं दळली, माझ्या मुलांची न्हाणी तिनं केली.

आता तुमच्या ध्यानात येईल की 1976 साली मी कापितूला दोषी का धरलं. वसतिगृहाच्या खोलीत रात्रभर वाचून मी पुस्तक मिटलं आणि मला बरं वाटलं होतं, मोकळं वाटलं होतं. संशय घेणारे नवरे खरेच असतात, एखाद्या बारक्या गोष्टीवरून त्यांना जे कळतं ते बरोबरच असतं, असं या थोर लेखकानं सांगितलंय, असं मी धरून चाललो. मला तसंच वाचायचं होतं. कापितू दोषी असली तर एका पोराच्या दोन शब्दांनी काहीच बिघडलेलं नव्हतं.

शेवटच्या रात्री मी स्वित्झर्लंडचं प्रकरण वाचलं. बेंतो बायकोला आणि मुलाला तिकडं नेतो आणि ठेवून येतो. गावात बोभाटा नको म्हणून अधूनमधून युरोपला जाऊन येतो, पण तिला भेटत नाही. घरी येऊन सांगतो, बरी आहेत. कापितू तिकडंच मरते. मुलगा मोठा होऊन परत येतो, बापाला मायेनं भेटतो. बेंतोला त्याच्यात मेलेला मित्रच दिसतो. मुलगा पुढं जुने अवशेष बघायला यरुशलेमकडं जातो आणि अकरा महिन्यांत विषमज्वरानं तिथंच दगावतो. बातमी आली त्या दिवशी घुमेराव पोटभर जेवतात आणि नाटकाला जातात.

चिरंजीव काही बोलला नाही. त्याला अडीच वर्षांची मुलगी आहे, ती त्याच्या मांडीवर झोपली होती.

आत्यानं इतक्या दिवसांत तोंड उघडलं नव्हतं. आता म्हणाली, “तिकडं तिला टाकली म्हन की.”

“हो आत्या.”

“खर्चाला धाडत व्हता का?”

“धाडत असावा. श्रीमंत होता.”

“आन् ती? ती काय म्हनत व्हती?”

मी सांगितलं की ती पत्रं लिहायची. पत्रात राग नसायचा. शेवटीशेवटी, एकदा येऊन भेटा, असं लिहायची. हा दोन ओळींत कोरडं उत्तर द्यायचा.

“ती पत्रं वाच की मग.”

मी म्हणालो, “पत्रं पुस्तकात नाहीत, आत्या. पत्रं होती एवढंच तो सांगतो.”

“तेच्याजवळच व्हती न्हवं?”

“त्याच्याजवळच होती.”

“आन् दावली न्हाईत.”

ती परत शेंगा फोडायला लागली. साठ वर्षांच्या पंडितांचं सोडा, कॉल्डवेलबाईंनाही मी नावं ठेवत नाही, पण कापितूनं केलं की नाही केलं हे आत्यानं विचारलंच नाही. घरात एवढे दिवस वाद चालला होता, तिला त्यात रस नव्हता. तिला पत्रांत काय होतं ते हवं होतं.

सगळी झोपायला गेल्यावर मी तिच्या खाटेपाशी बसलो. चौसष्ट वर्षांचं ओझं, कुठून उचलावं कळेना. शेवटी म्हणालो, “आत्या, त्या वळवाच्या दिवशी मामांना मी सांगितलं होतं.”

“ठावं हाय मला.”

“कधीपासून?”

“तवापासनं. तुमच्याच घरचं पोर सांगतंय, म्हनून तर ते बोललं मला.” थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, “लई येळ म्हनालास म्हनं.”

“हो.”

“पाऊसबी लईच येळ व्हता की रं.”

मी काही बोललो नाही. त्या माणसाविषयी मी तिला कधी विचारलं नाही, त्या रात्रीही विचारलं नाही, आणि तिनं आपण होऊन सांगितलं नाही. तिनं पायाशी घडी करून ठेवलेलं पांघरूण ओढून घेतलं. म्हणाली, शेंगा अजून दोन पोती आहेत, उद्या काय वाचणार?

पुस्तक संपलं, मी सांगितलं.

“मग पुन्यांदा वाच. पर समदं नगं. ती पोरगी भिंतीवर नावं कोरती, तितनं वाच, आन् लगीन होतंय तितं थांब.”

दुसऱ्या रात्री मी तिथून वाचायला घेतलं. चिरंजीव आपणच सूप घेऊन आईच्या शेजारी येऊन बसला होता. डीपी अजून आली नव्हती.